आईची साखर

वस्तू टाकून न देणे हा माझा एकमेव सद्गुण. सौभाग्यवतीच्या मते तोही रोगच आहे, पण ते असो. या सद्गुणापायीच १९९३ ते २००९ अशी सतरा कालनिर्णयं आमच्या माळ्यावर सुतळीनं बांधून पडली होती. ती आईची. दुधाचे लिटर, सिलिंडरची तारीख, मोलकरणीचे खाडे आणि आईची साखर ही सगळी मंडळी त्या दोन बोटांच्या चौकोनात गुण्यागोविंदानं नांदत. साखर म्हणजे रेशनची नव्हे, रक्तातली.

गेल्या दिवाळीत ती रद्दीत निघालीच होती. तेवढ्यात माझा भाचा आला. हा पुण्यात एका कचेरीत असतो. इस्पितळांतले कागद संशोधकांना वापरता येतील अशा रीतीनं कॉम्प्युटरात बसवायचे, हे त्याचं काम. गठ्ठा पाहून तो ओरडलाच.

"मामा, एकाच पेशंटची सतरा वर्षांची नोंद! अहो, सोनं आहे हे!"

रद्दीवाल्यानं इतका भाव कधीच केला नव्हता.

"पण याचा उपयोग काय?" मी विचारलं. हा प्रश्न भाच्याला विचारू नये. चहा निवतो. त्यानं मला थेट इंग्लंडला नेलं. करोनाच्या साली, म्हणजे २०२० च्या मार्चमध्ये, तिकडे 'रिकव्हरी' नावाची औषधांची चाचणी सुरू झाली आणि १६ जूनला जाहीरसुद्धा झालं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. एवढ्या लवकर कसं जमलं? तर डॉक्टरांनी भरायचे फॉर्म अगदी आखूड ठेवले होते. पुढं कोण जगलं, कोण गेलं, हे बरंचसं सरकारी आरोग्यसेवेच्या कॉम्प्युटरांतून जुळवून घेता आलं, कारण तिथं माणसागणिक एक नंबर असतो. आपल्याकडेही २०२१ च्या सप्टेंबरात डिजिटल आरोग्याची योजना देशभर सुरू झाली. तिच्यातला 'आभा' नावाचा चौदा आकडी नंबर मीही काढला आहे. पाठ होत नाही, एवढंच.

भाच्याला घरगुती नोंदी आपल्या साच्यात बसतात का, ते करून पाहायचं होतं. त्यासाठी नमुना म्हणून आई. आधी माझी सही घेतली. मग आईचं नाव काढून तिथं एक नंबर टाकला. "नाव कुणाला कळता कामा नये, मामा." मी म्हटलं, बाबा रे, लग्नात तिचं नाव बदललं, पुढं ती जन्मभर कुणाची तरी आईच होती. तिला याची सवय आहे.

आणि मग पहिल्याच पानावर गाडी अडली. 'उ १४०.' उ म्हणजे काय?

"उपाशीपोटी," मी ठणकावून सांगितलं. पण दोन ओळी खाली 'उ २१२'. उपाशी माणसाची साखर दोनशेबारा? सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तो उपास असेल. सासूबाई साबुदाण्याची खिचडी दोनदा घ्यायच्या." कालनिर्णयानंच साक्ष दिली. त्या चौकोनात एकादशी छापलेली होती! अक्षर तेच, पण एक उपाशी राहून आणि दुसरा उपास करून. हा फरक जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला सांगून पटणार नाही. भाच्यानं सतरा वर्षांच्या एकादश्या आणि चतुर्थ्या वेगळ्या काढल्या. इतका धर्म त्यानं मुंजीतही केला नव्हता.

१९९८ मध्ये एक आकडा सापडला '७.८', शेजारी शेरा, 'यंत्र बिघडले'. ते माझ्या धाकट्या बहिणीनं लंडनहून पाठवलेलं यंत्र. बिघडलं वगैरे काही नव्हतं. तिकडे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपला आकडा हवा तर अठरानं गुणायचं, म्हणजे झाले १४०. आईनं ते यंत्र शेजारच्यांच्या नातवाला खेळायला दिलं होतं.

भाच्यानं मग आजारांच्या सांकेतिक क्रमांकांचं पुस्तक उघडलं. आईचा मधुमेह म्हणजे ई-११. त्याच्या अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत कासव चावल्यास एक क्रमांक आहे आणि कासवाची धडक बसल्यास दुसरा. व्याह्यांच्या आग्रहाला बळी पडून खाल्लेल्या जिलबीला मात्र नाही. आईचा स्वतःचा क्रमांक होता, 'ल', म्हणजे लग्न. ल २६०.

रात्री कॉम्प्युटरनं सतरा वर्षांची रेघ काढली. वर, खाली, वर, आणि मध्येच एके ठिकाणी इस्त्री केल्यासारखी सरळ.

"वा!" भाचा म्हणाला. "२००१, जून-जुलै. शंभर, एकशेएक, नव्व्याण्णव, एकशेदोन. इतकी झकास साखर आजीची कधीच नव्हती. काय करत होती ती तेव्हा? कुठलं पथ्य?"

मी चष्मा लावून मूळ पान पाहिलं. 'उ' नव्हता, 'ल' नव्हता. नुसते आकडे, कधीकधी एका दिवसात चार-चार.

"ती साखर नाही रे," मी म्हटलं. "तो नानांचा ताप आहे."

त्या दोन महिन्यांत आई थर्मामीटर झटकत नानांच्या उशाशी बसलेली असायची. स्वतःच्या साखरेचं नाव नव्हतं.

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग त्यानं ते आकडे एकेक करून काढले. "शून्य टाकायचं नाही," तो हळूच म्हणाला. "शून्य म्हणजे मोजली आणि शून्य आली. ही मोजलीच नाही. जागा रिकामी ठेवायची आणि कारण लिहायचं." कारणांची यादी तयार होती. पेशंटचा नकार, यंत्र नादुरुस्त, पेशंट गैरहजर, इतर. त्यानं 'इतर'वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला साखर पुन्हा सुरू होते. उ १६८.

"मामा, इथून पुढं रोज 'अर्धा' लिहिलंय. आधी 'एक' असायचं. हे घ्यायचं का?"

"नको," मी म्हटलं. "ते दुधाचं आहे."