दुसरी सही

सायंकाळी डहाणू रोड स्टेशनाकडून इराणी रोडने घरी परतताना दुकानादुकानांतून एक आवाज कानी पडतो. ‘एकशे चाळीस रुपये प्राप्त झाले.’ गल्ल्याशेजारची तळहाताएवढी पेटी बोलते, दुकानदार मान वर न करता पुडी बांधत राहतो आणि गिऱ्हाईक चालू लागते. तलासरीच्या बाजारात तर ही पेटी एका दुकानात मराठी बोलते आणि शेजारच्या दुकानात गुजराती. सीमेवरच्या गावाला ते शोभूनही दिसते. ज्याचे सारे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले, त्या माझ्यासारख्याला या आवाजाचे अजूनही अप्रूप वाटते.

यंत्रांची आवड मला पहिल्यापासूनच. पहिल्या पगारातून मी घड्याळाऐवजी कॅल्क्युलेटर घेतला होता. पुढे घरी संगणक आला तेव्हा शेजारच्या व्यापारी मित्रांना टॅली शिकवण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. आज माझ्या फोनवर पंचांग आहे, प्रवचने आहेत, भरती-ओहोटीचे कोष्टक आहे आणि २०१३ साली डहाणूपर्यंत आलेल्या लोकल गाड्यांचे वेळापत्रकही आहे. आमच्या आळीत कोणाचाही फोन अडला की तो माझ्याकडे येतो. या मानाचा मला थोडा गर्व होता, हे आरंभीच कबूल करतो; कारण पुढे जे घडले त्याचे मूळ त्या गर्वातच आहे.

मी १९८२ मध्ये कारकून म्हणून बँकेत रुजू झालो. त्या काळी चेक वटवायचा म्हणजे ग्राहकाने तो काउंटरवर द्यायचा, पितळी टोकन घ्यायचे आणि बाकावर बसून राहायचे. कारकून लेजर उघडून शिल्लक पाही आणि नोंद करी. मग तो चेक अधिकाऱ्याकडे जाई. अधिकारी नमुना सहीशी सही ताडून पाही आणि मगच पास करी. रक्कम मोठी असली तर आणखी एका अधिकाऱ्याची सही लागे. शेवटी रोखपाल टोकनचा क्रमांक पुकारी. यात अर्धा तास सहज जाई. चिकूच्या हंगामात घोलवड-बोर्डीकडचे बागायतदार आणि व्यापारी त्या बाकावर चुळबुळत बसलेले मी रोज पाहत असे. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हा बँकेचा पायाभूत नियम. एम. कॉम.च्या पुस्तकात मी त्यावर उत्तर लिहून गुण मिळवले होते. परंतु काउंटरवर बसल्यावर मात्र मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटे.

म्हणून संगणकाचे मी मनापासून स्वागत केले. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा १९८४ चा अहवाल आला, त्यानंतर हळूहळू शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, पुढे कोअर बँकिंग आले. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयची घोषणा झाली, तेव्हा मी तलासरीच्या शाखेत अधिकारी होतो. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या आणि शाखेबाहेर लागलेल्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या. रांगेतल्या कितीतरी दुकानदारांच्या फोनवर मी स्वतः यूपीआय सुरू करून दिले. नंतर दुकानांत लागलेले क्यूआर कोडचे चौकोन जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केले होते, हे मी ज्याला त्याला सांगत असे. मोटारीच्या कारखान्यातली खूण तलासरीच्या किराणा दुकानात येऊन तेल-साखरेचे पैसे घेऊ लागली, याचा आनंद मला काही औरच होता.

निवृत्तीनंतरही हा वर्ग चालूच राहिला. तलासरीचे एक परिचित किराणा व्यापारी एकदा चिंतातुर होऊन आले. बाजाराच्या गर्दीत एका तरुणाने अठराशे पन्नास रुपयांचा माल घेतला, फोनवर हिरवी खूण दाखवली आणि तो निघून गेला. रात्री हिशेब जुळेना. ती हिरवी खूण म्हणजे एक चित्र होते. पैसे आलेच नव्हते. मी त्यांना म्हणालो, “शेठजी, गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसते हा पुरावा नाही. आपल्या खात्यात काय जमा झाले तेवढाच पुरावा.” त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलणारी पेटी घेतली. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल उघडू नये. बँक फोनवर ओटीपी मागत नाही, ही माझी तीन सूत्रे त्यांच्या मुलाने कागदावर लिहून गल्ल्यामागे चिकटवली. तो कागद अजून तेथे आहे.

आता माझी गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर महिना. निवृत्तिवेतनधारकांना त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या व्यवस्थेतून घरबसल्या देता येतो आणि आता तर फोनसमोर चेहरा धरूनही काम होते. त्या वर्षी मी स्वतःचा दाखला देऊन झाल्यावर ओळखीच्या अनेक ज्येष्ठांचे दाखलेही भरून दिले होते. एका दुपारी फोन आला. बोलणारा शुद्ध मराठीत, अत्यंत आदराने बोलत होता. त्याला माझे नाव आणि निवृत्तीचे वर्ष ठाऊक होते. “सर, आपला दाखला तांत्रिक कारणाने नाकारला गेला आहे. आज पाचपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर पुढील महिन्याचे वेतन थांबेल. मी फाईल पाठवतो, आपल्याला तर सर्व येतेच.”

‘आपल्याला तर सर्व येतेच.’ या एका वाक्यापुढे माझी अडतीस वर्षांची नोकरी टिकली नाही. मी फाईल उघडली. फोनने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, ती दिली. पडताळणी म्हणून कार्डाचा तपशील मागितला, तोही भरला. तीन वाजून दहा मिनिटांनी खात्यातून सव्वीस हजार रुपये गेल्याचा संदेश आला.

त्या क्षणी काय करायचे हे मला पूर्ण ठाऊक होते. बँकेला फोन, कार्ड बंद, १९३० क्रमांकावर तक्रार. इतरांना मी ते शंभरदा सांगितले होते. आणि तरीही मी काहीही केले नाही. खोलीचे दार लोटून खुर्चीत बसून राहिलो. सौ. बाहेर तांदूळ निवडत होत्या. त्यांना काय सांगायचे, मुलाला काय सांगायचे, आळीतल्या लोकांना कळले तर, गल्ल्यामागचा तो कागद, असेच सारे डोळ्यांपुढे येत राहिले. तीन बावन्नला दुसरा संदेश आला. आणखी बावीस हजार गेले होते.

सायंकाळी सूर्यास्तापूर्वी जेवायला बसलो, पण घास उतरेना. सौ.नी एकदाच विचारले आणि मी सर्व सांगून टाकले. मला वाटले होते त्या रागावतील. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, आधी बँकेला कळवा. वाईट मग वाटून घेऊ.”

त्यांनी माझ्यासमोर फोन धरला आणि मी क्रमांक फिरवले. कार्ड बंद झाले. १९३० वर तक्रार नोंदवली, त्यानंतर गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तपशील भरला. दुसऱ्या रकमेपैकी चौदा हजार रुपये एका खात्यात अडवले गेले आणि काही महिन्यांनी ते परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी सेवेत असताना शाखेतल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवले होते. ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणजे गप्प बसण्याची किंमत नियमातच लिहिलेली आहे. माझ्या बेचाळीस मिनिटांच्या गप्प बसण्याची किंमत आठ हजार रुपये झाली, आणि दैवयोगाने चौदा हजार वाचले नसते तर ती बावीस हजार झाली असती. पहिले सव्वीस हजार माझ्या भोळेपणाचे होते. त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते त्या बेचाळीस मिनिटांचे.

पुढे अनेक दिवस मी विचार करत होतो की बँकेत असताना अडतीस वर्षांत माझ्या हातून अशी चूक का झाली नाही. मी तेव्हा अधिक हुशार होतो असे मुळीच नाही. तेव्हा माझ्या सहीशेजारी दुसरी सही असे. मी थकलेला असो, घाईत असो, कोणी माझी स्तुती करून मला भुलवलेले असो, कागद माझ्या टेबलावरून उठून दुसऱ्या माणसाच्या टेबलावर जाई आणि तो माणूस थंडपणे विचारी, “हे काय आहे?” फोनवर कारकून मीच, अधिकारी मीच, रोखपालही मीच. अर्धा तास वाचला हे खरे, पण त्या अर्ध्या तासात जो दुसरा माणूस बसलेला असे, तोही त्याबरोबर उठून गेला, हे माझ्या लक्षात आले नव्हते. तलासरीच्या शेठजींची बोलणारी पेटी वस्तुतः तेच काम करते. गिऱ्हाईक एक सांगते, पेटी दुसऱ्या जागेहून त्याची साक्ष देते.

आपल्या पेढ्यांवर ही रीत फार जुनी आहे. मुनीमजी लिहीत आणि शेठजी पाहत. मुनीमजींवर अविश्वास होता म्हणून शेठजी पाहत नसत. लिहिणारा डोळा आपली चूक पाहू शकत नाही म्हणून पाहत. आता दिवाळीच्या वहीपूजनात चोपडीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो, हे मला आवडते. मात्र चोपडी दोघांची होती आणि फोन एकट्याचा झाला आहे.

आमच्या घरी आता एक साधा नियम आहे. नव्या माणसाला पैसे पाठवायचे असोत, किंवा रक्कम पाच हजारांहून अधिक असो, तर बटण दाबण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने सांगायचे. कोणाला, किती, कशासाठी. आणि चूक झालीच तर पाच मिनिटांच्या आत घरात सांगायची; सांगणाऱ्याला त्या दिवशी कोणी एक शब्दही बोलणार नाही. हा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. ज्या घरात बोलणी बसतात त्या घरातला माणूस खोलीचे दार लोटून बसतो, आणि भामट्याला नेमके तेच हवे असते.

तलासरीच्या शेठजींनाही मी नंतर सर्व हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मुलाला हाक मारून गल्ल्यामागच्या कागदावर चौथी ओळ लिहायला सांगितली: ‘फसलो तर लगेच सांगावे.’

गेल्या आठवड्यात नळ दुरुस्त करणाऱ्या नव्या माणसाला बाराशे रुपये पाठवायचे होते. मी फोन हातात घेतला तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, “कोणाला?” पूर्वी मला अशा प्रश्नाचा राग आला असता. मी नाव सांगितले, रक्कम सांगितली. सौ. बाहेर आल्या, चष्मा लावून पडद्यावरचे नाव वाचले, त्या माणसाकडे पाहून त्याचे नाव पुन्हा विचारले आणि म्हणाल्या, “पाठवा.”

माझा चेक पास झाला होता.