जड पाणी, हलकी कॉफी

चिकमगळूरची तीच कॉफी, तोच ग्राइंडर, तोच वजनकाटा. पेठेत आई-बाबांकडे केली की लिंबाच्या सालीसारखा हलका आंबटपणा येतो. वाघोलीच्या माझ्या फ्लॅटवर केली की ओला पुठ्ठा.

कोड बिघडला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय नोकरीने लावलीय. १५ ग्रॅम कॉफी आणि २४० मिली पाणी कायम ठेवलं. दळण बारीक केलं, तर कडवटपणा वाढला. जाड केलं, तर कॉफी पाणचट झाली. तापमान ९६ वरून ९० वर आणलं, फार फरक नाही. (पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे वर जायला वाव नव्हताच.) उरलं पाणी. काळ्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त तेच असतं, आणि रेसिपी सांगणारे त्याबद्दलच गप्प असतात.

पेठेत धरणाचं पाणी येतं. आमच्या सोसायटीत बोअरचं, आणि उन्हाळ्यात टँकरचं, म्हणजे बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरचं. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. यातले पहिले दोघे कॉफीतली चव खेचायला मदत करतात; २०१४ साली बाथ विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर गणित मांडून त्यात मॅग्नेशियम सरस ठरवलं होतं. खरा खलनायक बायकार्बोनेट. तो आम्ल मारतो. ॲसिडिटी झाली की आपण सोडा घेतो ना, तेच काम तो कपात करतो. हलक्या भाजणीच्या कॉफीचं सगळं सौंदर्य आम्लात, त्यामुळे उरतो पुठ्ठा.

आजीकडे यासाठी मीटर नव्हतं, तूरडाळ होती. डाळ शिजत नाही ते पाणी जड. कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो हे तिला ठाऊक असण्याची गरज नव्हती. कोणत्या विहिरीचं पाणी डाळीला आणायचं हे ठाऊक होतं.

मी टीडीएस मीटर घेतलं. बोअरचा आकडा ६०० च्या आसपास, घरच्या आरओचा ५०. पण हे मीटर फक्त विद्युतवहन मोजतं; पाण्यात कोणता क्षार आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळणारं थेंब टाकायचं किट जास्त उपयोगी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अल्कलिनिटी २०० पर्यंत चालते, दुसरा स्रोत नसेल तर ६००. कॉफीवाल्यांना हवी ४० च्या आसपास. म्हणजे पाणी पिण्याजोगं असूनही कॉफीला निकामी असू शकतं.

नुसतं आरओचं पाणीही चालत नाही, कॉफी पोकळ आणि टोचरी आंबट लागते. मी पाच भाग आरओमध्ये एक भाग बोअरचं मिसळतो. टीडीएस १४० च्या आसपास येतो आणि पेठेतली चव बऱ्यापैकी परत मिळते.

आता न आवडणारा हिशेब. आमचं मशीन एक लिटर पाणी देताना तीन लिटर नळीवाटे सोडतं. माझ्या एका कपात २०० मिली आरओचं, म्हणजे ६०० मिली बाहेर. टँकरची वर्गणी भरणाऱ्या इमारतीत, आंबटपणासाठी. ते पाणी मी बादलीत धरतो, फरशी पुसायला. फरशीवर पांढरे डाग पडतात.

आई आली की दूध, साखर आणि जायफळ घालून कॉफी करते. चिकोरीवाली गडद पावडर, थेट बोअरच्या पाण्यात. या कॉफीत मुळात आम्लच कमी, त्यात दूध. बायकार्बोनेटला मारायला फारसं काही उरत नाही. ती पेठेतही तशीच लागते आणि वाघोलीतही. माझा कप हातात घेऊन आई विचारते, "याला एवढा खटाटोप कशाला रे?" मी तिला एक घोट देतो. ती तोंड वाकडं करते, आणि नळीखालची बादली भरली का ते बघायला जाते.