आधी कोण बोलणार?

आश्विन पौर्णिमेची संध्याकाळ आपल्या वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खूसंघ पवारणा करतो. माझा काही दोष आपण पाहिला, ऐकला किंवा आपणांस त्याची शंका आली असेल, तर करुणेने सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. त्याच धर्तीवर भन्तेजी आम्हा मुलांनाही समोरासमोर बसवीत. दुसऱ्याचे दोष मोजायचे नसत; ‘माझं काय चुकलं ते सांग’ अशी सुरुवात करायची असे. मला ते फार जड जाई. समोरच्याने आधी बोलावे म्हणून मी मान खाली घालून बसे.

या धड्याचा अर्थ मला वीस वर्षांनी, एका रुग्णालयाच्या सर्व्हर-खोलीत उमगला.

एक्स-रे आणि स्कॅन साठवणारा नवा सर्व्हर स्विचला दोन केबलांनी जोडून, त्या दोन्हींची मिळून एकच जोडणी करायची होती. या पद्धतीला लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणतात, तिचे ‘८०२.३एडी’ हे प्रमाण २००० साली आले. दोन केबलांमुळे एका फाइलचा वेग दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. एका संवादाचा क्रम बिघडू नये म्हणून त्याची सारी माहिती सहसा एकाच केबलमधून जाते. खरा लाभ असा की अनेकांचे काम दोहोंवर वाटले जाते आणि एक केबल तुटली तरी काम थांबत नाही. रुग्णालयात याचे मोल निराळे सांगायला नको.

दोन्ही केबलांचे हिरवे दिवे लागले, पण जोडणी काही होईना. अतिदक्षता विभागाचे काम जुन्या सर्व्हरच्या एकाच केबलवर चालू होते. सर्व्हर माझ्याकडे, तर स्विच दुसऱ्या विभागातील एका तरुण सहकाऱ्याकडे होता. दोन दिवस आमच्यात ईमेल चालले आणि प्रत्येकात एकच वाक्य होते : ‘माझ्या बाजूने सर्व ठीक आहे.’ माझ्या शेवटच्या ईमेलमध्ये तर मी त्याच्या वरिष्ठांनाही गोवले होते.

तिसऱ्या रात्री मला ती पौर्णिमा आठवली. मी त्याला फोन केला आणि म्हणालो, “माझ्या मांडणीत काय चुकलंय, जरा बघता का?” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, माझीही वाचून दाखवतो.”

आम्ही एकेक ओळ वाचू लागलो. एलएसीपीचे संदेश पाठवलेले शून्य, मिळालेलेही शून्य. या नियमात ‘अ‍ॅक्टिव्ह’ टोक स्वतःहून संदेश पाठवते. ‘पॅसिव्ह’ टोक केवळ आलेल्या संदेशाला उत्तर देते. त्याचा स्विच पॅसिव्ह होता. माझा सर्व्हरही पॅसिव्हच होता, कारण तयार मांडणी मी न वाचता तशीच ठेवली होती. दोन्ही टोके उत्तर द्यायला सज्ज होती. पहिला शब्द मात्र कोणीच उच्चारत नव्हते.

मी माझे टोक अ‍ॅक्टिव्ह केले. काही क्षणांत जोडणी झाली. मग एक केबल मुद्दाम उपटून पाहिली. काम चालूच राहिले. सकाळी त्याच्या वरिष्ठांना मी कळवले की चूक माझीही होती.

भन्तेजी आम्हाला समोरासमोर का बसवीत, हे आता कळते. यंदा पवारणेला बसणाऱ्या बाळांनो, समोरच्याची वाट पाहत बसू नका. पहिला शब्द आपण बोलावा.

नमो बुद्धाय! जयभीम!