दारुकाचे काम

श्रीकृष्णाने रुक्मिणीला रथात बसवून नेले, या एका गोष्टीवर आमच्या कौंडण्यपूरचे नाव अजून टिकून आहे. गाव तसे लहान. वर्धा नदीचा काठ, टेकाडावर विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ, खाली घाट, आणि कुठेही चार हात खणले की खापरे. १९६० नंतर काही वर्षांतच डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी येथे उत्खनन केले, तेव्हा या गावाचे जुनेपण पुस्तकात गेले. आम्हांला ते आधीपासूनच ठाऊक होते. भागवतकार सांगतात की रुक्मिणीचे पत्र मिळताच श्रीकृष्ण आनर्त देशातून निघाला तो एका रात्रीत विदर्भात पोचला. अमरावतीकर म्हणतात की हरण झाले ते त्यांच्या अंबादेवीच्या देवळातून; आमच्या गावापासून तिथवर भुयार होते म्हणे. असेल. माहेर मात्र आमचेच, याबद्दल वाद नाही.

नरेंद्रकवीपासून एकनाथांपर्यंत किती जणांनी ही कथा रंगविली! शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक या चार घोड्यांची नावेसुद्धा लोकांना पाठ असतात. पण एका रात्रीत एवढी दौड करून आलेल्या त्या घोड्यांची पाठ कोणी चोळली, त्यांना पाणी कधी दाखवले, रथाच्या आसाला वंगण कोणी घातले, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही. ते काम दारुकाचे. सारथ्याचे नाव कथेत एकदा येते आणि धुळीत नाहीसे होते. मलाही एरवी त्याची आठवण कशाला झाली असती? पण गेली तीन वर्षे आमच्या घरात दर रविवारी दारुकाचे काम चालते, आणि ते करते आमची कन्या.

नमनाला घडाभर तेल झाले; आता गाडीकडे वळतो. कन्या अमरावतीला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. शनिवारी संध्याकाळी कुऱ्ह्याकडून धूळ उडवीत घरी येते आणि सोमवारी पहाटे परत जाते. तिने जमवलेल्या पैशांतून सोने घ्यावे असे तिच्या आईचे मत होते. तिने घेतली फियाटची अबार्थ पुंटो, आणि तीही वापरलेली. फियाट म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे पद्मिनी म्हणून नावारूपाला आलेली मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी उभी राहते. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचाही शेवट झाला. ही गाडी निराळी. ती पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झाली आणि २०१५ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. दिसायला चारचौघींसारखी, पण १३६८ घन सेंटिमीटरच्या लहानशा इंजिनाला टर्बो जोडलेला आणि ताकद १४५ अश्वांची. अंगावर विंचवाचे चिन्ह. कार्ल अबार्थ नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली इटलीत शर्यतीच्या गाड्यांचा कारखाना काढला; त्यांची रास वृश्चिक होती, म्हणून विंचू. नाथांचे विंचवावरचे भारूड ऐकून वाढलेल्या आमच्या सौ.ने ते चिन्ह पाहिले आणि गाडीला ओवाळताना दुरूनच ओवाळले.

या गाड्या फार निघाल्या नाहीत. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचे नवे नियम लागू झाले, त्याआधीच कंपनीने या देशात फियाटच्या नावाने गाड्या काढणे थांबवले. त्यामुळे कन्येची गाडी म्हणजे माहेर तुटलेली सून. लहानसा रबरी पाइप हवा असला तरी कधी कोल्हापूर, कधी कोइमतूर असा शोध घ्यावा लागतो, आणि मोडीत निघालेल्या एखाद्या बहिणीच्या अंगावरचा दागिना उतरवून आणावा तसा तो भाग आणला जातो.

गाडी उभी राहते ती आमच्या जुन्या गोठ्यात. तिथे पूर्वी माझ्या वडिलांची दमणी असे. वऱ्हाडात दमणी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की ती बसण्याची हलकी बैलगाडी, आणि तिच्या बैलजोडीवर घराची अब्रू. वडिलांना शंकरपटाचा नाद होता. तळेगाव दशासरच्या पटाचे दिवस जवळ आले की त्यांना दुसरे काही सुचत नसे. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने नवा कायदा मान्य केला. वडील या सगळ्याच्या फार आधी गेले. त्यांची एक गोष्ट मात्र मला स्पष्ट आठवते. पट पळून आलेली जोडी ते कधी लगेच बांधत नसत, लगेच पाणीही दाखवत नसत. कासरा हातात धरून तिला सावकाश फिरवीत. अंगातली ऊब उतरली, श्वास जागेवर आला, की मग पाणी. घाई करणाऱ्या माणसाच्या हाती ते बैल देत नसत.

कन्येने पहिल्या महिन्यात गाडी अंगणात आणून उभी केली आणि इंजिन बंद न करता मिनिटभर तशीच बसून राहिली, तेव्हा मला वाटले, हिला फोन आला असेल. विचारले तर म्हणाली, "टर्बो निवू देते, बाबा." मला एकदम कासरा धरलेले वडील दिसले.

टर्बोचे गुपित तिने मला लोहाराच्या भात्यावरून समजावले. भात्याने जास्त वारा घातला की विस्तव जास्त भडकतो. तसेच इंजिनात जास्त हवा कोंबली तर जास्त इंधन जळते. पण हा भाता ओढायला माणूस लागत नाही. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या झोतावर एक लहानसे चक्र फिरते, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवलेले असते, ते बाहेरची हवा दाबून आत लोटते. उष्ट्या धुराकडून काम करून घ्यायचे, ही काटकसर मला फार आवडली. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आज आपल्या मालट्रकांना आणि रेल्वेच्या डिझेल इंजिनांनाही टर्बो असतो. ते चक्र मिनिटाला लाखाच्यावर फेरे घेते, आणि एवढ्या वेगात त्याच्या दांड्याला आधार असतो तो तेलाच्या एका पातळ पापुद्र्याचा. जोरात पळवून आणलेली गाडी तशीच बंद केली तर तेलाचा ओघ थांबतो आणि तापलेल्या जागी उरलेले तेल करपते. करपलेल्या तेलाची खरड साचत गेली की टर्बोचे दिवस भरले. म्हणून आधी फिरवून आणायचे, मग दावणीला बांधायचे. वडिलांना हे एका वाक्यात कळले असते.

रविवारी सकाळी चहा झाला की ती जुना पंजाबी पोशाख घालून गोठ्यात शिरते. कधी तेल बदलणे, कधी प्लग काढून त्यांच्या टोकांचा रंग पाहणे, कधी नुसते नळ्यांवर साबणाचे पाणी शिंपडून दाबलेली हवा कुठून निसटते ते बघणे. बुडबुडा आला की चोर सापडला. आमच्या भागाचा एक खास उपद्रव तर शहरातल्या मेकॅनिकांना सांगून खरा वाटत नाही. कार्तिकापासून पुढे रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्या आणि ट्रॉल्या चालू लागतात. त्यांतली रुई वाऱ्यावर उडते आणि गाडीच्या तोंडाशी, दाबलेली गरम हवा निववणाऱ्या जाळीवर, लोकरीच्या बंडीसारखी चिकटून बसते. हवा निवाली नाही की ताकद गेली. मग कन्या जुना दात घासायचा ब्रश घेऊन ती बंडी उतरवते आणि सौ. त्या रुईची वात वळते. देवापुढच्या निरांजनात ती बरी जळते.

बघे लोक असतातच. शेजारचे नव्वदीचे आजोबा दर रविवारी काठी टेकीत येतात आणि विचारतात, "काय व पोरी, आज बी बिमारच हाये का गाडी?" बरी आहे आणि म्हणूनच उघडली आहे, हे त्यांना अजून पटलेले नाही. एकदा कन्येला पाहायला पाहुणे आले ते नेमके रविवारी, वर्दी न देता. त्यांना प्रथम दर्शन झाले ते गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पावलांचे. मुलाचे वडील पूर्वी एस.टी.चे ड्रायव्हर. ते पोहे विसरून तासभर इंजिनात डोके घालून बसले. जमले नाही, पत्रिका आडवी आली असे कळवले गेले. ते गृहस्थ मात्र अजून अधूनमधून टर्बोची खुशाली विचारतात.

पण या हौसेत एक गाठ होती, आणि ती सौ.च्या मनात होती. तिचा धाकटा भाऊ १९९४ साली नागपूर रस्त्यावर जीपच्या अपघातात गेला. ब्रेक लागले नाहीत एवढेच पुढे कळले. तेव्हापासून ती कोणत्याही मोटारीत पुढे बसत नाही, आणि मागे बसली तरी समोरच्या सीटची कड मुठीत घट्ट धरून ठेवते. ही गाडी आल्यापासून तर तिने तीत पाऊलच टाकले नव्हते. भांडली नाही, रडली नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र कुऱ्ह्याच्या रस्त्याकडे कान लावून अंगणात बसे, आणि आवाज ऐकू आला की काही न बोलता आत जाऊन वरणाला फोडणी देई.

त्याच सुमारास अमरावतीची काही तरुण मंडळी एका रविवारी आली. ती कन्येच्या ओळखीची, अशाच गाड्यांची नादी. सोबत लॅपटॉप होता. इंजिनाच्या संगणकातले कोष्टक बदलायचे, टर्बोचा दाब वाढवायचा, की १४५ अश्वांचे पावणेदोनशे होतात, असे ती म्हणाली. कन्येने त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. खरे सांगायचे तर मलाही पाहायचे होते. शंकरपटाचे रक्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मी आठवण दिली, कारण कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांत फेरफार चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितलेले मी वाचले होते. तरुणांनी माझ्याकडे शाळामास्तरांकडे पाहावे तसे पाहिले. तेवढ्यात सौ. चहाचे ट्रे घेऊन आली. कप देता देता तिने कोणाकडेही न बघता विचारले,

"एवढी पळते, तं थांबते का?"

कोणी बोलले नाही. कन्येने लॅपटॉपचे झाकण लावले.

त्यानंतरचे वर्ष थांबण्यात गेले. बाजूला ठेवलेले पैसे प्रथम चार टायरांना गेले. मग ब्रेकचे पॅड आले. मग ब्रेकचे जुने तेल काढून नवे भरले. ते तेल हवेतला ओलावा शोषते, आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन नेमक्या वेळी पॅडल पोकळ लागते, हे मला तेव्हा कळले. मेहुण्याच्या जीपचे असेच काही झाले असेल का, हा विचार माझ्या मनात आला. कन्येच्याही आला असणार, कारण तिने ते तेल दोनदा बदलले. चारही चाकांच्या चकत्या उतरवून साफ झाल्या. शॉकअब्सॉर्बर कारखान्याच्याच मापाचे घेतले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर चौपट लागते, हे ती विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवते. आम्ही ते रस्त्यावर मोजले. पहाटे, रस्ता मोकळा असताना, दोन्ही टोकांना माणूस उभा करून. चुन्याची रेघ मारायची, ताशी साठच्या वेगात तिथे ब्रेक दाबायचा, आणि पुढे मी पावले मोजायची. जुन्या टायरांवर अठ्ठावीस भरली होती. शेवटच्या खेपेला एकवीस. पावले मोजताना मला कोणीतरी मागे उभे असल्यासारखे वाटले. वळून पाहिले तर सौ. बांधावर पदर खोचून उभी. तिनेही पावले मोजली होती. "तुमची पावलं लांब पडतात, माझी पंचवीस झाली," एवढे म्हणून ती घराकडे वळली.

आमच्या रुक्मिणीची पालखी दरवर्षी आषाढीसाठी येथून पंढरपूरला निघते. चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतात. माहेराहून जाताना जिला पापणी लवायचाही वेळ मिळाला नाही, तिला आता त्याच माहेराहून पंढरीला पोचायला महिन्याच्यावर दिवस लागतात, तेही पायी, मुक्काम करीत. गेल्या वर्षी पालखी निघाल्यावर घर एकदम रिकामे झाले, तेव्हा सौ.ने कन्येला विचारले की पहिल्या मुक्कामापर्यंत जाऊन दर्शन घेता येईल का. कन्येने गाडी अंगणात आणली. सौ. मागच्या दारापाशी गेली, थांबली, वळसा घालून पुढे आली आणि दार उघडून बसली. मी मागे बसलो. मागे पाय ठेवायला जागा बेताचीच, हे मला तेव्हा प्रथम कळले.

वाटेत एक बकरी रस्त्यात आली. गाडी थांबली, बकरी गेली. सौ.ची मूठ डॅशबोर्डावर होती. ती तिने तशीच ठेवली. "लाग आता रस्त्याला," म्हणाली.

दाब वाढवायचे राहिलेच. टायमिंगचा पट्टा बदलायला आला आहे, त्यात पुढचे पैसे जातील. आणि टर्बोला तेल नेणारी नळी झिरपते आहे. तशी एक कोल्हापुरात मिळाली असून दिवाळीच्या आधी येईल असे कळवले आहे. कन्येने त्यासाठी गोठ्यात नवा दिवा लावून घेतला आहे.