तिसरा हात

आमच्या गावाविषयीची एक म्हण सबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' बाहेरचे लोक ती हसत हसत म्हणतात. आम्ही परभणीकर मात्र तिच्यात एक मोठा दिलासा पाहतो. एखादी गोष्ट जमली तर उत्तमच; न जमली तर परभणीत आपण आहोतच! या दिलाशावर मी आजवर पुष्कळ गोष्टी न शिकता राहिलो. यंत्रांची दुरुस्ती ही त्यांतली पहिली.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पानांशी माझा संबंध पुस्तकाच्या पानांचा, फार तर जेवणानंतरच्या पानाचा. 'पाना' या लोखंडी वस्तूशी माझी ओळख लहानपणीच झाली होती. पण ती वाढावी असे मला कधी वाटले नाही. आणि ही ओळख करून देणारी वस्तू तर आमच्या दारातच उभी असे. ती म्हणजे दादांची फियाट.

ही १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हिच्याच धाकट्या बहिणींना १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव मिळाले आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून त्यांनी अर्धे शतक मुंबईकरांना इकडून तिकडे नेले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्यांतली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आमची मात्र अजून आहे. गल्लीतली मुले तिला 'विंटेज' म्हणतात. जाणकारांच्या हिशेबी विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. पण मुलांच्या हिशेबी मीही विंटेजच आहे, तेव्हा वाद कशाला?

दादा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कामावर असताना, १९८६ साली, त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली. तेव्हापासून रविवारची सकाळ तिची. मी ओसरीवर पुस्तकात डोके घालून बसलेलो असे आणि नेमक्या रंगाच्या जागी अंगणातून हाक येई, "अरे, ये रे जरा. तिसरा हात पाहिजे!"

हा तिसरा हात बहुधा फॅनबेल्टसाठी लागे. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक रबरी पट्टा असतो. इंजिनाच्या पुलीवरून निघून तो पंख्याला, पाण्याच्या पंपाला आणि वीज तयार करणाऱ्या डायनामोला फिरवतो. वापराने तो सैल पडतो. मग डायनामो खालच्या बोल्टांवर थोडा सैल करायचा, लाकडाने बाहेर रेटायचा, आणि पट्टा ताणला गेला की वरच्या खाचेच्या पट्टीतला बोल्ट आवळायचा. सांगायला सोपे आहे. पण रेटायला एक हात, पाना धरायला दुसरा, आणि ताण बरोबर आला का हे अंगठ्याने दाबून पाहायला तिसरा! मी लाकूड रेटून उभा राही. दादा अंगठा दाबून म्हणत, "अर्धा इंच लवला पाहिजे. जास्त नको, कमी नको." पट्टा सैल असला तर घसरतो, किंचाळतो, इंजिन तापते, बॅटरी उतरते. फार ताणला तर काही दिवस गाडी बिनतक्रार चालते आणि मग डायनामोची नाही तर पंपाची बेअरिंग जाते. हे सारे मला पाठ होते. लक्ष मात्र ओसरीवरच्या पुस्तकात असे.

दोन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे हळूहळू सुधारले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. 'एकहाती' म्हणजे एकट्याने, असे मी वर्गात सांगत आलो आहे. त्या दिवसांत दादांना डाव्या हाताने शर्टाची गुंडी लावताना पाहिले की तो शब्द मला नकोसा होई. गाडी ताडपत्रीखाली उभी होती. मधूनमधून मी ती चालू करी, गल्लीतून एक फेरी मारी आणि पुन्हा झाकून ठेवी. अखेर लातूरचा एक हौशी गृहस्थ गाडी पाहून गेला. किंमत बरी देत होता. मी दादांना विचारले. ते बराच वेळ ताडपत्रीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आधी एकदा गंगाखेडला घेऊन चल. गोदावरी पाहू. मग काय करायचं ते कर."

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघे निघालो. पोखर्णीचा फाटा मागे पडला आणि बॉनेटखालून एक किंचाळी उठली. समोर लाल दिवा लागला. थोड्याच वेळात पाण्याचा काटाही चढू लागला. मी एका लिंबाखाली गाडी उभी केली. परभणीच्या मिस्तरींना फोन लावला. ते म्हणाले, दोन तास तरी लागतील. अश्विनातले ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि शेजारी आजारी बाप.

"इंजिन निवू दे," दादा म्हणाले, "मग किल्ली काढून खिशात टाक अन् बॉनेट उघड."

"दादा, मला एकट्याला जमायचं नाही."

"अजून काय केलंस? काहून घाबरायलास?"

मी पाने काढले. बोल्ट सैल केले. स्टेपनीच्या दांड्याने डायनामो रेटणार, तोच आतून आवाज आला, "लोखंड लावू नको!" उघड्या बॉनेटमुळे त्यांना काही दिसत नव्हते. नुसत्या आवाजावरून त्यांनी ओळखले होते. मी वाटेवरचे एक लाकूड आणले. डाव्या हाताने रेटले, उजव्याने पाना फिरवला. बोल्ट आवळेपर्यंत डायनामो मागे सरकलेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लाकूड निसटले आणि माझी बोटे सोलून निघाली. मी काही बोललो नाही. तरी दादा म्हणाले, "लागलं का?" आणि थोडे थांबून, "डिकीत बघ. जॅकच्या मागं, गोणपाटात."

गोणपाटात वीतभर लांबीची बाभळीची पाचर होती. तेलाने काळी झालेली. एक बाजू निमुळती, आणि जाड टोक ठोके खाऊन खाऊन पसरलेले. मी ती डायनामो आणि इंजिन यांच्या मधे बसवली, पान्याने दोन हलके ठोके दिले. डायनामो बाहेर सरकला आणि तसाच राहिला. माझे दोन्ही हात मोकळे! अंगठ्याने पट्टा दाबला. अर्ध्या इंचाहून कमी लवला. पाचर जराशी ढिली केली. आता बरोबर. आधी वरचा बोल्ट आवळला, मग खालचे. पाचर काढली, पुन्हा अंगठा दाबून पाहिला. गाडी सुरू केली. किंचाळी नाही, वेग थोडा वाढवताच लाल दिवाही विझला.

'पाचर मारणे' हा वाक्प्रचार मी जन्मभर वाईट अर्थाने शिकवत आलो. दुसऱ्याच्या कामात मोडता घालणे! या पाचरेने माझे काम केले होते.

रेडिएटरात पाणी घालून मी आत येऊन बसलो. पाचर अजून हातातच होती.

"दादा, ही कधीची?"

"गाडी घेतली तेव्हापासूनची. तिथल्या मिस्तरीनं करून दिली."

"मग तुम्हाला तिसरा हात कशाला लागायचा?"

दादांनी काचेतून बाहेर पाहिले. "तू पुस्तकातनं डोकं काढत नव्हतास," ते म्हणाले. "कालव्यावरून रविवारीच घरी असायचो मी."

पुढे गंगाखेडपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. घाटाच्या शेवटच्या पायरीवर मी त्यांना धरून बसवले. त्यांनी डावा हात पाण्यात बुडवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि मग त्याच ओल्या हाताने उजव्या हातावर पाणी लावले.

लातूरच्या गृहस्थांना मी नाही कळवले. ते सज्जन होते; रागावले नाहीत.

आता रविवारी बॉनेट मी उघडतो. दादा ओसरीवर खुर्चीत असतात. माझी मुलगी मोबाईलमध्ये डोके घालून आत बसलेली असते. मी हाक मारतो, "अगं, ये गं जरा. तिसरा हात पाहिजे!" ती कुरकुरत येते आणि लाकूड रेटून उभी राहते. गेल्या रविवारी पाचर माझ्या खिशातून अर्धी बाहेर आली होती. दादांना ती दिसली. त्यांनी डाव्या हाताने मला खूण केली, खिसा नीट कर म्हणून.