भोवऱ्याचं पुस्तक



ज्याला दिसत नाही अशा मुलाला भोवरा समजावून सांगणं फार अवघड आहे. चेंडू हातात दिला की कळतो, बाहुली चाचपली की कळते. भोवरा मात्र फिरताना हात लावला की थांबतो. म्हणजे त्याची खरी गंमतच बोटांना सापडत नाही.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. दिवस भरण्याआधी झाला आणि अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला जो आजार होऊ शकतो, तो त्याला झाला. उजेड-अंधार तेवढा कळतो. मे महिन्यात सगळी नातवंडं जमली, भोवरे निघाले. हा पायरीवर बसून फरशीवरची घरघर ऐकायचा. कुणीतरी "तुला नाही जमणार" म्हणालं. तो रडला नाही. रात्री मात्र मला विचारलं, "आज्जी, भोवरा उभा राहतो म्हणजे काय करतो गं?"

तोंडी सांगून ते कळणारं नव्हतं. म्हणून मी कापडाचं पुस्तक करायला घेतलं.

वेगवेगळा स्पर्श हवा म्हटलं की चामडं, रेशीम, पिसं आधी सुचतात. ती आपल्या घरात नकोत. सरसही नको, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. कणकेची खळ लावावी तर कसर लागते, मग पुन्हा जीवहिंसाच. म्हणून एकही पान चिकटवलं नाही, सगळं शिवलं. मांजरपाट, गोणपाट, जुनी कॉरडरॉयची पँट, सुतळी, बटणं. बहुतेक सगळं घरातलंच. मी बी.कॉम., त्यामुळे खर्च वहीत लिहिलाच : 140 रुपये.

पहिल्या पानावर भोवऱ्याचा आकार. कापूस भरून वर फुगीर, खाली निमुळता, टोकाला आर म्हणून लाकडी मणी. अंगावरच्या खाचांसाठी सुतळीच्या आडव्या ओळी.

दुसऱ्या पानावर जाळी. दोरीचं एक टोक आरीजवळ पक्कं शिवलं आहे. तिथून वर वेढे देत जायचे. दोरी गळ्याभोवती जाणार नाही एवढीच लांब ठेवली.

तिसऱ्या पानावर फिरणं. त्याचा मी आठवडाभर विचार केला. एक गोल चकती टिचबटणावर बसवली, अर्धी गोणपाटाची, अर्धी मऊ सुती. बोट टेकवून हळू फिरवली की खरखरीत, मऊ, खरखरीत, मऊ. जोरात फिरवली की दोन्ही एकच होऊन जातात.

चौथ्या पानावर डुलणं. आर पानाला शिवलेली, डोकं सुटं, मागे इलास्टिक. डोकं गोल फिरवत सोडलं की आडवं पडतं.

पाचव्या पानावर त्याच्याच पंजाचा उठाव, शेजारच्या खिशात खरा लाकडी भोवरा.

नाव ब्रेलमध्ये हवं होतं. लुई ब्रेलची सहा टिंबांची लिपी 1829 साली छापून आली. आपल्या भाषांसाठी तिच्यावरून 1951 साली भारती ब्रेल ठरली. 'भोवरा' या शब्दाला पाच घरं आणि सोळा टिंबं लागतात. पाटी आणि टोच्याने लिहिताना कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे टोचायचं, मग उलटल्यावर सरळ वाचता येतं. ओळखीच्या एका शिक्षिकेने ते शिकवलं. दोऱ्याच्या गाठींची टिंबं वाचायला फार मोठी होतात, म्हणून जाड कागदावर टोचून ती पट्टी कडेने शिवली.

प्रत्येक पानाचं ऑडिट नातवाने केलं. तिसऱ्या पानावर तो बराच वेळ थांबला. चकती फिरवत म्हणाला, "म्हणजे तो एवढा पळतो की पडायला वेळच नसतो!" मैत्रिणींनो, याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर त्याला खरा भोवरा हातावर हवा झाला. इथे लेकीचं आणि माझं जुंपलं. "आई, आर लागेल त्याला." तिची काळजी खोटी नाही. आजवर तिने त्याला किती ठेचांतून वाचवलंय ते मी पाहिलंय. मी एवढंच म्हटलं, इतर पोरांनाही लागते, आपण त्यांना हळद लावतो आणि पुन्हा सोडतो. शेवटी जावयांनी आर कानशीने घासून बोथट केली. मामाने भोवरा फिरवून अलगद त्याच्या तळहातावर घेऊ दिला. तो श्वास रोखून उभा. मग ओरडला, "आई, गुदगुल्या करतोय!" लेक आत निघून गेली, डोळे पुसायला.

स्वतः फेकलेला भोवरा अजून उभा राहिलेला नाही. रोज वीस-पंचवीस वेळा फेकतो. फरशीवर खडखडाट झाला की शेजारच्या वहिनी दार लावून घेतात. चुलत भावंडं आता पुस्तकासाठी भांडतात, डोळे मिटून पानं ओळखायची पैज लावतात. त्यात तो दरवेळी जिंकतो.

शाळेतल्या बाईंनी आणखी एक प्रत मागितली आहे. कुणाकडे जुनी टिचबटणं, कॉरडरॉयचे तुकडे असतील तर टाकू नका, माझ्याकडे पाठवा. पुढचं पुस्तक सागरगोट्यांचं करायचं आहे.