आगरात ड्रोन उडवताना

गुहागरच्या आगरात शूट असलं की ड्रोन आधी पेटीतच राहतो. ज्या वाटेनं तो जाणार, ती वाट मी पायी चालून घेतो. पोफळी सरळसोट आणि ओळीनं लावलेल्या, त्यामुळे दोन ओळींमधून सहज निघून जाऊ असं लांबून वाटतं. पण मान वर करून सावकाश चालावं, म्हणजे सगळं दिसायला लागतं. देठापासून अर्धी सुटलेली झावळी कुठे लोंबतेय, खोडावर चढवलेल्या मिरवेलीच्या फांद्या वाटेत किती आल्यात, विहिरीवरच्या पंपाची वायर कोणत्या माडाला बांधून पुढे नेलीय. मग मालकांना एक प्रश्न विचारायचाच, "काका, आज पाडेली आलाय का?" पाडेली म्हणजे माडा-पोफळींवर चढून फळं पाडणारा, त्यामुळे ड्रोनच्या उंचीवर माणूस असण्याची शक्यता आगरात खरोखरच असते. तो वर असेल, तर खाली उतरेपर्यंत मी थांबतो.

"पण ह्याला सेन्सर असतात ना?" असं हमखास विचारलं जातं. असतात, आणि मोकळ्या जागेत भिंत किंवा मोठं खोड आलं तर ते चांगलं काम करतात. बहुतेक छोट्या ड्रोनमध्ये हे सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यांच्या जोड्याच. दोन चित्रांतल्या फरकावरून ते अंतर काढतात, त्यासाठी भरपूर उजेड लागतो. पोफळींच्या दाट सावलीत तो नसतो. बारीक काटकी, तार, कोळ्याचं जाळं तर त्यांना भर उन्हातही दिसेल याची खात्री नाही. शिवाय बऱ्याच हलक्या मॉडेलना बाजूला सेन्सर नसतातच, आणि स्पोर्ट मोडमध्ये असलेलेही बंद होतात. म्हणून झाडांत मी सगळ्यात सावकाश मोड लावतो आणि कॅमेऱ्याचं तोंड असेल त्याच दिशेला जातो. आडवा सरकणारा शॉट दिसतो फार देखणा, पण तो मी फक्त मोकळवनातच घेतो.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते 'रिटर्न टू होम'ला. सिग्नल तुटला की ड्रोन आपण ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि मग घराकडे वळतो, ही सोय मोकळ्या आकाशासाठी केलेली आहे. आगरात डोक्यावर झावळ्यांचं छप्पर असतं, तो चढतो तो थेट त्यातच. आणि सिग्नल तुटण्याची शक्यताही इथेच जास्त, कारण पानांतलं पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. पाऊस पडून गेल्यावर तर हे चटकन जाणवतं. उपग्रहही कमी सापडतात, त्यामुळे ड्रोन जागच्या जागी तरंगतानासुद्धा थोडा वाहवतो. म्हणून झाडाखाली उडवण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन 'सिग्नल गेला तर जागीच थांब' असं करून ठेवायचं. मग आपण त्याच्या दिशेनं चालत गेलो की संपर्क परत येतो. वाट आधी चाललेली असते, ती इथे कामाला येते. बॅटरी फार उतरली तरीही तो आपण होऊन परत निघू शकतो, म्हणून निम्म्यावर आली की मी बाहेर काढतो. तिथून समुद्रावर गेलो की सेटिंग पुन्हा बदलायचं, आणि परतीची उंची सगळ्यात उंच माडाच्या बरीच वर ठेवायची.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात येतो आणि तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. त्यामुळे हल्ली फिरायला येणाऱ्या पुष्कळांच्या बॅगेत तो असतो. त्यांना एक कळकळीनं सांगायचंय. ड्रोन माडात अडकला तर स्वतः चढू नका, पाडेल्याला बोलवा. आणि तो वर जाण्याआधी मोटारी बंद झाल्यात का ते बघा. विजेच्या तारेवर अडकला असेल तर काठी, आकडी, ओला बांबू काही लावू नका. महावितरणच्या माणसाला बोलवा आणि तो येईपर्यंत खाली कुणाला उभं राहू देऊ नका.